पेंढा पोटभर, तरी गुरं का खंगतात?

शहापूर-मुरबाडमध्ये वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो. तरी एप्रिल-मेमध्ये भातसा-तानसाचं पाणी मुंबईला जातं आणि इथल्या पाड्यांवर टँकर येतो. माणसांच्या पाण्याची निदान बातमी तरी होते. गुरांच्या चाऱ्याचं काय? माळ वाळले की गोठ्यात उरतो फक्त भाताचा पेंढा.

पेंढ्याने पोट भरतं, पण तो अंगाला लागत नाही. त्यात प्रथिनं जेमतेम ३-४ टक्के, वर सिलिका भरपूर. त्यामुळे ऐन नांगरणीच्या तोंडावर बैलाच्या बरगड्या मोजता येतात.

यावर उपाय आहे, आणि तो स्वस्त आहे. १०० किलो पेंढ्यासाठी ४ किलो युरिया सुमारे ५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवा. थरावर थर लावत शिंपडा, तुडवून दाबा, प्लास्टिकने हवाबंद झाका. २१ दिवस उघडायचं नाही. आत तयार होणारा अमोनिया पेंढा मऊ करतो आणि गुरांच्या पोटातले जिवाणू त्यातून प्रथिनं बनवतात.

खायला घालण्याआधी पेंढा पसरून उग्र वास जाऊ द्या. सुरुवात थोड्याने करा. सहा महिन्यांखालच्या वासरांना देऊ नका.

सगळ्यात मोठा धोका मात्र उरलेल्या बादलीचा. तहानलेलं जनावर युरियाचं पाणी प्यायलं, तर थोड्याच वेळात दगावू शकतं. तसं झालंच, तर लगेच १९६२ ला फोन लावा.