जुना संगणक, नवी आज्ञावली

यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा हे गाव एके काळी अरुंद रुळांच्या आगगाडीमुळे दूरवर ठाऊक होते. यवतमाळहून निघालेली ही गाडी दारव्हा-मोतीबाग स्थानकावर विसावा घेऊन मूर्तिजापूरला पोहोचत असे. 'शकुंतला' या लाडक्या नावाने ती ओळखली जाई. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत नेण्यासाठी हा मार्ग घातला गेला, आणि पुढे तो खेडोपाडीच्या गोरगरिबांचा आधार बनला. मँचेस्टर येथे १९२१ मध्ये तयार झालेले वाफेचे इंजिन या मार्गावर सुमारे सत्तर वर्षे राबले. १५ एप्रिल १९९४ रोजी त्याची जागा डिझेल इंजिनाने घेतली.

इंजिन नवे आले. रूळ मात्र तेच राहिले. त्या दोन रुळांमधील अंतर ७६२ मिलिमीटर होते आणि नवे इंजिनही त्याच मापाचे होते, म्हणूनच ते त्या मार्गावर धावू शकले. मुंबई-नागपूर मार्गावरील इंजिनाला १,६७६ मिलिमीटर रुंदीचे रूळ लागतात. ते कितीही बलवान असले, तरी शकुंतलेच्या रुळांवरून एक पाऊलही पुढे गेले नसते. ही गाडी आता धावत नाही. परंतु जुन्यावर नवे कसे चालवावे, याचा एक धडा तिने मागे ठेवला आहे. तोच धडा संगणकालाही लागू पडतो.

संगणकाची दोन अंगे असतात. एक डोळ्यांना दिसणारे यंत्र आणि दुसरे त्या यंत्राकडून काम करवून घेणारी आज्ञावली. यंत्र म्हणजे रूळ मानले, तर आज्ञावली म्हणजे त्यावर धावणारे इंजिन होय. या आज्ञावल्यांपैकी जी सर्व यंत्राचा कारभार पाहते, तिला कार्यप्रणाली म्हणतात.

चालू आहे ते तसेच चालू द्यावे, नवी आज्ञावली हवीच कशाला, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. मराठी माणसाला याचे उत्तर लिपीच्या अनुभवातून मिळाले आहे. जगातील लिप्यांना प्रत्येक अक्षरचिन्हामागे ठरलेला क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत १९९१ मध्ये प्रसिद्ध झाली आणि तिच्यात देवनागरीलाही स्थान मिळाले. त्यापूर्वीच्या टंकांमध्ये असा एकच संकेत नव्हता. त्यामुळे एका संगणकावर लिहिलेले मराठी पत्र दुसऱ्यावर उघडले की निरर्थक चिन्हांची रांग दिसे. 'विंडोज ९८' या प्रणालीत युनिकोड देवनागरीची अंगभूत सोय नव्हती. ती 'विंडोज २०००' मध्ये आली. ज्याला ही सोय हवी होती, त्याला प्रणाली बदलणे भागच होते.

दुसरे कारण सुरक्षिततेचे आहे. आज्ञावलीत राहून गेलेल्या फटी कालांतराने उघड होतात आणि तिचे निर्माते त्या वेळोवेळी बुजवितात. 'विंडोज १०' या प्रणालीचे नियमित साहाय्य १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपले. तिच्या पुढच्या आवृत्तीला ६४ बिटी संस्कारक, किमान ४ गिगाबाइट स्मृती आणि 'टीपीएम २.०' ही सुरक्षेची सोय लागते. ज्या संगणकांत ही सामग्री नाही, ते धडधाकट असूनही एका दिवसात 'जुने' ठरले. यंत्र झिजले नव्हते. त्याच्याकडून होणारी मागणी वाढली होती.

ही मागणी तीन मापांनी मोजता येते. पहिले माप संस्कारकाचे. ३२ बिटी संस्कारकासाठी केलेली आज्ञावली ६४ बिटी यंत्रावर बहुधा चालते. पण ६४ बिटांची आज्ञावली ३२ बिटी यंत्रावर चालत नाही. रुंद मापाचे इंजिन अरुंद रुळांवर चढत नाही, तसाच हा प्रकार आहे.

दुसरे माप स्मृतीचे. किराणा दुकानातील फळीवर रोजचा माल असतो आणि उरलेला मागच्या गोदामात. फळी लहान असेल, तर नोकराला प्रत्येक वस्तूसाठी गोदामात धावावे लागते आणि गिऱ्हाईक ताटकळते. स्मृती अपुरी पडली की संगणकही असाच साठवणुकीच्या चकतीकडे हेलपाटे घालू लागतो. लोक म्हणतात, 'यंत्र मंदावले'. वस्तुतः फळी लहान पडलेली असते. तिसरे माप या गोदामाचे. फिरत्या चकतीऐवजी हलता भाग नसलेली साठवण बसविली, तर हेलपाटे टळले नाहीत तरी त्यांना लागणारा वेळ बराच कमी होतो. म्हणून अनेकदा स्मृतीची एक पट्टी आणि नवी साठवण एवढ्याने जुना संगणक पुन्हा कामास लागतो.

एवढ्यानेही भागले नाही, तर यंत्राच्या मापाची आज्ञावली निवडावी. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये 'लिनक्स' या प्रणालीचा गाभा लिहिला आणि तो सर्वांसाठी खुला केला. त्यावर उभारलेल्या काही प्रणाली मुद्दाम हलक्या ठेवलेल्या असतात. भारत सरकारच्या सीडॅक या संस्थेची 'बॉस' ही प्रणालीही लिनक्सवरच आधारलेली असून तिच्यात भारतीय भाषांची सोय आहे. अशा अनेक प्रणाली छोट्या पेनड्राइव्हवरून सुरू करून पाहता येतात. यंत्रातील मूळ साठा तोवर जसाच्या तसा राहतो. अर्थात कायमचा बदल करण्यापूर्वी आपल्या कामाची प्रत अन्यत्र ठेवणे हेच शहाणपणाचे.

मात्र येथेही मर्यादा आहे. लिनक्स प्रथम ज्या ८०३८६ या संस्कारकासाठी लिहिले गेले, त्याचीच सोय फेब्रुवारी २०१३ मधील आवृत्तीतून काढून टाकण्यात आली. 'डेबियन' या प्रसिद्ध प्रणालीची ऑगस्ट २०२५ मधील आवृत्ती ३२ बिटी संगणकावर नव्याने बसविता येत नाही. जुन्याचा भार वाहणाऱ्यांनाही तो कधीतरी खाली ठेवावा लागतो.

तथापि तो दिवस येण्यापूर्वीच यंत्र भंगारात जाणे हितावह नाही. संगणकात शिशासारखे विषारी पदार्थ असतात आणि ते उघड्यावर पडल्यास माती व पाणी दूषित होते. शिवाय ज्या शाळेत एकच जुना संगणक आहे, तेथे तो बंद पडला म्हणजे केवळ एक वस्तू कमी होत नाही. त्या वर्गातील मुलांची एक वाटच बंद होते. ती वाट बंद होऊ नये म्हणून प्रथम यंत्राचे माप घ्यावे, नंतर त्याच्या मापाची आज्ञावली शोधावी आणि मगच त्याच्या वयाचा विचार करावा. दारव्ह्याच्या रुळांवर नवे इंजिन धावले, ते रूळ नवे होते म्हणून नव्हे. कोणीतरी आधी त्या रुळांचे माप घेतले होते, म्हणून.