पेडल कडक झालं, तर आधी हवा तपासा

"मिस्त्री, ब्रेक कडक झालाय. उभं राहून दाबला तरी गाडी पुढंच सरकते." ही तक्रार घेऊन पिकअपवाला आला की मी चाकं खोलत नाही, बॉनेट उघडतो. माझं गॅरेज आळेफाट्यावर आहे. नारायणगावच्या बाजारातून टोमॅटो भरलेल्या गाड्या इथून ओतूर, माळशेज, मुरबाड करत कल्याण-वाशीकडं जातात. पुढं घाट आहे हे डोक्यात ठेवूनच इथं ब्रेकच्या कामाला हात घालावा लागतो.

ब्रेकचा दोष पायाला कळतो. दोन-तीनदा पंप मारल्यावरच पेडल वर येत असेल, तर लाइनमध्ये हवा शिरलेली असू शकते. दाबून धरलेलं पेडल हळूहळू खाली बसत गेलं, तर मास्टर सिलिंडरचे वॉशर गेलेत किंवा कुठंतरी तेल गळतंय. आणि पेडल वरच अडून बसत असेल, तर बहुतेक वेळा पायाला मिळणारी मदतच बंद पडलेली असते.

ही मदत करतो बूस्टर. ब्रेक ऑइलच्या डबीमागं जो मोठा गोल काळा डबा दिसतो, तोच. आत रबरी पडदा असतो. इंजिन चालू असताना पडद्याच्या दोन्ही बाजूंची हवा ओढून घेतलेली असते. पेडल दाबलं की झडप उघडते, पायाकडच्या बाजूला बाहेरची हवा शिरते आणि पडद्याला पुढं ढकलते. 9 इंची पडद्याचं क्षेत्रफळ 400 चौरस सेंटिमीटरच्या वर भरतं. दर चौरस सेंटिमीटरला 0.7 किलोचा फरक मिळाला, तरी 280 किलोंचा जोर झाला. बेल्जियमच्या आल्बेर देवांद्र या इंजिनिअरनं 1927 मध्ये ही युक्ती मोटारीच्या ब्रेकला लावली. साध्या हवेकडून एवढं काम करून घेणाऱ्या या डब्याबद्दल मला आजही आदर वाटतो.

पेट्रोल गाडीत हवा ओढण्याचं काम इंजिन स्वतःच करतं. डिझेलला त्यासाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि बऱ्याच पिकअपमध्ये तो अल्टरनेटरच्या पाठीवरच बसवलेला असतो. त्याला इंजिनचं ऑइल एका बारीक पाइपातून मिळतं. बेल्ट ढिला झाला, ऑइलचा पाइप चोंदला किंवा पंपाची पाती झिजली, की ब्रेक कडक. आयडलला पेडल कडक आणि रेस दिल्यावर मऊ पडत असेल, तर माझा पहिला संशय पंपावर जातो.

तपासणीला एक रुपया लागत नाही. गाडी सपाट जागी उभी करून चाकांना दगड लावा. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबा, ते कडक होईल. आता पाय तसाच ठेवून स्टार्टर मारा. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं, तर बूस्टर काम करतोय. जागचं हललं नाही, तर व्हॅक्यूम पोचत नाही किंवा बूस्टर गेलाय. नंतर मिनिटभर इंजिन चालवून बंद करा आणि थोडं थांबून पेडल दाबा. पहिला दाब खोल जायला हवा, पुढचे वरवर यायला हवेत. पहिलाच दाब कडक लागला, तर साठवलेली पोकळी कुठून तरी निसटतेय. बहुतेकदा पाइपावरच्या एकतर्फी व्हॉल्व्हमधून.

अशीच एक गाडी माझ्याकडं आली होती. आधीच्या गॅरेजमध्ये लायनर बदलले, मग मास्टर सिलिंडर नवा घातला, तरी पेडल तसंच. बाहेरून व्हॅक्यूमचा पाइप धडधाकट. गेज लावलं तर पंपाच्या तोंडाशी 24 इंच व्हॅक्यूम, बूस्टरच्या तोंडाशी जवळजवळ काहीच नाही. पाइप कापून पाहिला. ऑइलच्या वाफेनं आतलं रबर फुगून मऊ झालं होतं आणि ओढ लागली की मऊ स्ट्रॉसारखं आतल्या आत चिकटत होतं. जाड भिंतीचा, व्हॅक्यूमसाठीच बनवलेला पाइप टाकला आणि पेडल मऊ झालं. मालकाचे लायनर-सिलिंडरचे पैसे मात्र गेले ते गेलेच. याचा मला राग येतो. मोजल्याशिवाय पार्ट बदलणं म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशावर प्रयोग करणं.

बूस्टर खरंच जातो, तेव्हाही कारण शोधायला हवं. डबीतलं ब्रेक ऑइल उतरतंय आणि चाकांशी गळती कुठंच नाही, असं असेल तर मास्टर सिलिंडरचे दोन नट सोडून मागं पाहा. तिथं ओल दिसली, तर ऑइल बूस्टरमध्ये शिरून पडदा खातंय. नुसता बूस्टर बदलला तर नवाही तसाच जाईल.

व्हॅक्यूम चोख, बूस्टरही चांगला, तरी गाडी थांबत नसेल, तर मात्र चाकं खोला. जाम झालेला कॅलिपर, आतून फुगलेला ब्रेक होज, चकाकी आलेले लायनर तिथं सापडतात. घाट उतरताना लायनर तापून ब्रेक गेला, तर तेव्हाही पेडल कडकच लागतं, पण करपल्याचा वास येतो आणि गार झाल्यावर ब्रेक परत लागतो. बूस्टरचा दोष गार झाल्यानं जात नाही.

ड्रायव्हरला मी हात जोडून एक सांगतो. डिझेल वाचवायला उतारावर इंजिन बंद करू नका. इंजिन थांबलं की पंप थांबतो, आणि बूस्टरमध्ये उरलेली पोकळी दोन-तीन दाबांत संपते. पुढच्या वळणावर तुमच्या पायाशिवाय ब्रेकला कुणी नसतं, आणि मागं दीड टन टोमॅटो असतो. ज्या गिअरनं घाट चढला असता, त्याच गिअरनं उतरा. आणि घाटात असतानाच पेडल कडक झालं, तर दाबत-सोडत राहू नका. एकदाच जोरानं दाबून धरा, गिअर उतरवत आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा.

नवा बूस्टर बसवताना पुशरॉडची लांबी जुन्याशी मोजून घ्यायची. ती थोडी जरी जास्त राहिली, तर ब्रेक पुरता सुटत नाही. म्हणून काम झालं की मी गाडी ओतूरपर्यंत चालवून आणतो आणि चारही चाकांजवळ हात नेऊन बघतो. एखादं जास्त तापलेलं लागलं, तर गाडी त्या दिवशी घाटात जात नाही.