एकाच भुलीत सगळं उरकावं का?

सौंदर्य-शस्त्रक्रियांच्या लांबलचक पॅकेजविषयी गैरसमज आणि वस्तुस्थिती

‘एकदाच काय ते उरकून टाकू’ हे वाक्य प्लास्टिक सर्जनना नवीन नाही. कुणाचं बाळंतपणांनंतर पोट सैल पडलेलं असतं, स्तन ओघळलेले असतात, कंबरेवर चरबी साठलेली असते. कुणी चाळीस-पन्नास किलो वजन उतरवलेलं असतं आणि दंड, मांड्या, पोट सगळीकडे कातडी लोंबत असते. भूल एकच, रजा एकच, शस्त्रक्रियागृहाचा खर्चही एकदाच, हा हिशेब पटण्यासारखाच आहे. ‘ममी मेकओव्हर’ हे पॅकेज त्याच हिशेबातून आलं. त्यात पोटाची जादा कातडी काढून स्नायू आवळण्याची शस्त्रक्रिया (टमी टक), स्तनांची शस्त्रक्रिया आणि लायपोसक्शन एकाच बैठकीत केलं जातं.

या पॅकेजबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. काहींना ते हळदी-कुंकवाइतकं सोपं वाटतं, तर काहींना सरळ जिवाशी खेळ. धोका नेमका कुठे वाढतो आणि तो कसा आटोक्यात ठेवता येतो, हे समजायचं तर एकेक समज तपासून पाहावा लागेल.

गैरसमज १ : अनेक शस्त्रक्रिया एकत्र करणं मुळातच चुकीचं.

वस्तुस्थिती : तसं नाही. निरोगी व्यक्ती, नीट आखलेला बेत आणि सुसज्ज रुग्णालय असेल तर काही शस्त्रक्रिया एकत्र करणं ही जगभर रुळलेली पद्धत आहे. मात्र कशाबरोबर काय जोडलं, यावर धोका बदलतो. अमेरिकेत २००८ ते २०१३ या काळातल्या २५,४७८ टमी टक शस्त्रक्रियांच्या नोंदी संशोधकांनी तपासल्या. महिन्याभरात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागणं, रुग्णालयात भरती व्हावं लागणं किंवा तातडीच्या विभागात धाव घ्यावी लागणं, याला त्यांनी गंभीर गुंतागुंत मानलं. नुसत्या टमी टकनंतर तिचं प्रमाण ३.१ टक्के होतं. लायपोसक्शन जोडल्यावर ते ३.८ झालं, स्तनांची शस्त्रक्रिया जोडल्यावर ४.३ आणि दोन्ही जोडल्यावर ४.६. दंड-मांड्यांसारख्या दुसऱ्या भागाची कातडी काढण्याचं काम जोडलं तेव्हा ते ६.८ वर गेलं आणि त्यात लायपोसक्शनही आलं तेव्हा १०.४ टक्क्यांवर.

म्हणजे पहिल्या एक-दोन जोडण्यांनी धोका थोडा वाढतो, पुढे मात्र चढण अंगावर येते. हे आकडे वाचताना एक भान हवं. ज्यांना जास्त काम करून घ्यायचं असतं त्यांचं वजन आणि आजारही बरेचदा जास्त असतात, त्यामुळे सगळा दोष जोडणीवर टाकता येत नाही. तरीही ‘तीन केल्या काय आणि पाच केल्या काय’ हा युक्तिवाद इथे टिकत नाही.

गैरसमज २ : दोनदा भूल घेण्यापेक्षा एकदाच लांब भूल बरी.

वस्तुस्थिती : भुलीची भीती आपल्याकडे खोल आहे, म्हणून हा समज सर्वांत चिवट. निरोगी माणसाला काही महिन्यांच्या अंतराने दोनदा भूल देणं आज बऱ्यापैकी सुरक्षित आहे. खरी काळजी एकाच दिवशी टेबलावर जाणाऱ्या तासांची असते. २०१४ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १,७५३ प्लास्टिक सर्जरींच्या नोंदी तपासल्या गेल्या. शस्त्रक्रियेचा कालावधी हाच गुंतागुंतीचं एक स्वतंत्र कारण ठरतो आणि साधारण तीन तासांनंतर धोका ठळकपणे वाढतो, असं त्यात दिसलं.

तास वाढले की शरीरात काय होतं? भुलीत शरीराची तापमान सांभाळणारी यंत्रणा सैल पडते. पहिल्या तासातच आतलं तापमान एक ते दीड अंशाने उतरू शकतं. या शस्त्रक्रियांमध्ये छातीपासून मांड्यांपर्यंतचं अंग उघडं असतं आणि लायपोसक्शनसाठी लिटरच्या हिशेबाने द्रव टोचला जातो, त्यामुळे उष्णता आणखी जाते. तापमान ३६ अंशांखाली गेलं की रक्त गोठण्याची क्रिया बिघडते, रक्तस्राव वाढतो, जखमेत जंतुसंसर्ग व्हायची शक्यता वाढते. गरम हवेची पांघरुणं आणि कोमट केलेले द्रव वापरतात ते यासाठी. शिवाय तासन्‌तास एकाच स्थितीत पडल्याने नसांवर दाब येतो. पाठीची चरबी काढायला पालथं आणि पोटासाठी उताणं करावं लागलं, तर प्रत्येक वेळी श्वासनळीतली नळी, डोळे आणि हात सांभाळावे लागतात. आणि सहाव्या तासाला टाके घालणारे हातही माणसाचेच असतात.

दोन सर्जन एकाच वेळी काम करत असतील तर तास खरोखर कमी होतात. म्हणून ‘किती शस्त्रक्रिया?’ या प्रश्नाइतकाच ‘भूल दिल्यापासून उतरेपर्यंत एकूण किती तास?’ हा प्रश्न महत्त्वाचा.

गैरसमज ३ : मी ठणठणीत आहे, मला तपासण्या कशाला?

वस्तुस्थिती : डोंडा वेस्ट या निवृत्त इंग्रजी प्राध्यापिका आणि गायक कान्ये वेस्ट यांच्या आई. नोव्हेंबर २००७ मध्ये लॉस एंजेलिस परिसरात त्यांच्यावर पोट, स्तन आणि लायपोसक्शन अशी एकत्रित शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्याच दिवशी, घरी असताना, त्यांचा मृत्यू झाला. त्या ५८ वर्षांच्या होत्या. शवविच्छेदनाच्या अहवालात हृदयाच्या धमन्यांचा आजार आणि शस्त्रक्रियेनंतरचे अनेक घटक यांचा उल्लेख होता. या घटनेनंतर २००९ मध्ये कॅलिफोर्नियात त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. सौंदर्य-शस्त्रक्रियेआधी शारीरिक तपासणी आणि डॉक्टरांची लेखी परवानगी त्याने सक्तीची केली.

‘ठणठणीत’ माणसाचाही धोका गुणांकनाने मोजता येतो. पाय किंवा फुप्फुसातल्या रक्ताच्या गुठळीसाठी ‘कॅप्रिनी स्कोअर’ वापरतात. समजा ४४ वर्षांची बाई आहे. वयाचा एक गुण, बीएमआय २७ म्हणून एक, गर्भनिरोधक गोळ्या चालू म्हणून एक, पाऊण तासापेक्षा मोठ्या शस्त्रक्रियेचे दोन. झाले पाच. कोणताही आजार नसताना ती या मोजणीच्या वरच्या गटात गेली. घरात कुणाला गुठळीचा त्रास झालेला असेल तर आणखी तीन. यातली एक मेख अशी, की पाऊण तासाच्या पुढे तास कितीही वाढले तरी गुण तेवढेच राहतात. सात तासांच्या पॅकेजचा जादा धोका डॉक्टरांना स्वतःच्या विवेकाने धरावा लागतो.

याच टप्प्यावर दोन गोष्टी हमखास लपवल्या जातात. पहिली तंबाखू. ‘सिगारेट ओढत नाही’ असं खरं सांगणारी व्यक्ती मशेरी लावत असू शकते. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आवळतात आणि ताणून शिवलेल्या कातडीची कड काळी पडून मरू शकते. किमान चार आठवडे आधीपासून तंबाखू पूर्ण बंद हवी. दुसरी गोष्ट वजन उतरवण्याची इंजेक्शनं. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी जठर उशिरा रिकामं होतं. उपाशी राहूनही पोटात अन्न उरू शकतं आणि भुलीत ते श्वासमार्गात जाऊ शकतं. भूलतज्ज्ञांना हे आधी कळायलाच हवं.

गैरसमज ४ : घरी आलो म्हणजे धोका टळला.

वस्तुस्थिती : गुठळीचा धोका घरी सोडल्यानंतरही काही आठवडे राहतो. भुलीत पोटरीचे स्नायू निपचित असतात, त्यामुळे पायातलं रक्त वर ढकललं जात नाही. टमी टकमध्ये पोटाचे स्नायू आवळले की पोटातला दाब वाढतो आणि पायांकडून परतणारं रक्त आणखी मंदावतं. त्यात टाके ताणतील या भीतीने माणूस अंथरुणातून उठत नाही. गुठळी सुटून फुप्फुसात अडकली तर मिनिटांत जीव जाऊ शकतो. अमेरिकेतल्या सर्जनांच्या एका पाहणीत १९९४ ते १९९८ या काळात लायपोसक्शननंतर झालेल्या मृत्यूंमध्ये हेच सर्वांत मोठं कारण निघालं होतं.

म्हणून शस्त्रक्रियेदरम्यान पायांना ठरावीक वेळाने दाब देणारे पट्टे लावतात, त्याच संध्याकाळी आधार देऊन चालवतात आणि गुणांक जास्त असेल तर रक्त पातळ करणारी इंजेक्शनं देतात. ती सरसकट देता येत नाहीत, कारण ताज्या जखमेखाली रक्त साठण्याची भीती असते. घरच्यांनी काही लक्षणं पाठच करावीत : एकाच पोटरीला सूज किंवा कळ, अचानक धाप, छातीत दुखणं, खोकल्यातून रक्त, घेरी. यातलं काहीही दिसलं तर फोनवर सल्ला घेत बसू नये, सरळ रुग्णालय गाठावं.

गैरसमज ५ : नुसती जागा बधिर करून करणार आहेत, मग काळजी कसली?

वस्तुस्थिती : १९८७ साली जेफ्री क्लाइन या अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञाने लिग्नोकेन आणि ॲड्रेनॅलिन मिसळलेलं भरपूर पातळ द्रावण टोचून लायपोसक्शन करण्याची पद्धत मांडली. तिने रक्तस्राव खूपच कमी झाला, पण लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधालाही मर्यादा असते. या पद्धतीत वजनाच्या दर किलोला ३५ मिलिग्रॅम ही बराच काळ मानलेली मर्यादा आहे. रक्तातली त्याची पातळी शिखरावर पोहोचते ती बरेचदा दहा-बारा तासांनी, म्हणजे रुग्ण घरी झोपलेला असताना. एकाच दिवशी पोट, पाठ, दंड, मांड्या सगळीकडे द्रावण टोचलं तर ही मर्यादा ओलांडायला वेळ लागत नाही. जास्त झालेलं औषध मेंदूवर आणि हृदयावर परिणाम करतं.

गैरसमज ६ : चरबी जितकी जास्त काढाल तितका फायदा.

वस्तुस्थिती : लायपोसक्शन हा वजन उतरवण्याचा उपाय नाही. २००४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात लठ्ठ स्त्रियांची सुमारे दहा किलो चरबी काढूनही त्यांच्या इन्सुलिनच्या किंवा रक्तदाबाच्या तक्रारीत सुधारणा दिसली नाही. उलट पाच लिटरपेक्षा जास्त काढायचं असेल तर रुग्णालयात किंवा मान्यताप्राप्त केंद्रात आणि रात्रभर देखरेखीखाली, असा अमेरिकी प्लास्टिक सर्जन संघटनेचा सल्ला आहे. कारण शरीरातल्या पाण्याचं गणित बिघडू शकतं.

टमी टकसोबत तर हात आणखी आखडता घ्यावा लागतो. पोटाची कातडी उचलून खाली ओढली की तिचा बराच रक्तपुरवठा आधीच तुटलेला असतो. त्याच कातडीखालून जास्त चरबी ओढली तर उरलेल्या रक्तवाहिन्याही जातात. फ्लोरिडात डॉक्टरांच्या खासगी दवाखान्यातल्या शस्त्रक्रियागृहात टमी टकबरोबर एक लिटरच्या वर चरबी काढायला नियमानेच बंदी आहे.

गैरसमज ७ : स्वतःचीच चरबी भरणार, त्यात धोका कसला?

वस्तुस्थिती : काढलेली चरबी नितंबात भरण्याची शस्त्रक्रिया लायपोसक्शनला जोडून केली जाते. चरबी स्नायूच्या आत गेली आणि तिथल्या मोठ्या शिरेला इजा झाली तर ती थेट फुप्फुसात पोहोचते. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या एका गटाने या शस्त्रक्रियेतला मृत्यूचा अंदाज तीन हजारांत एक असा मांडला आणि चरबी स्नायूच्या खोल भागात न भरण्याचा सल्ला दिला. नंतरच्या पाहणीत प्रमाण बरंच उतरलेलं दिसलं.

गैरसमज ८ : छोटं क्लिनिक आणि मोठं रुग्णालय, फरक फक्त बिलाचा.

वस्तुस्थिती : फरक गुंतागुंत झाल्यावर कळतो. रात्री दोन वाजता रक्तदाब कोसळला तर तिथे भूलतज्ज्ञ आहे का, रक्त मिळेल का, अतिदक्षता विभाग किती दूर आहे? फ्लोरिडाच्या नियमांनुसार डॉक्टरांच्या खासगी शस्त्रक्रियागृहात सर्व सौंदर्य-शस्त्रक्रियांचा मिळून नियोजित वेळ आठ तासांपुढे नेता येत नाही. आपल्याकडे पाहायची पहिली गोष्ट म्हणजे पदवी. प्लास्टिक सर्जरीतली एमसीएच किंवा डीएनबी आहे का आणि वैद्यक परिषदेकडे तिची नोंद आहे का, हे तपासावं. ‘कॉस्मेटिक तज्ज्ञ’ ही पाटी म्हणजे पदवी नव्हे. आणि केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेचा खर्च आरोग्य विम्यात सहसा मिळत नाही. त्यातून उद्भवलेल्या गुंतागुंतीच्या खर्चाबद्दल विमा कंपनीकडून आधीच लेखी उत्तर घ्यावं.

तारीख घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

१. भुलीसह एकूण किती तास लागतील आणि दोन टप्प्यांत केलं तर काय बदलेल?
२. माझा गुठळीचा गुणांक किती आणि त्यासाठी काय करणार?
३. भूलतज्ज्ञ मला आधी कधी तपासतील?
४. पहिली रात्र मी कुठे असेन आणि माझ्याजवळ कोण असेल?
५. वेळ वाढला किंवा रक्तस्राव जास्त झाला तर कोणतं काम सोडून देणार?

शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चांगल्या बेतात कामांचा क्रम ठरलेला असतो. गरजेचं आधी आणि हौसेचं शेवटी, म्हणजे मध्येच थांबावं लागलं तरी अर्धवट काही राहत नाही. जो सर्जन ‘दंडांचं चार-सहा महिन्यांनी बघू’ म्हणतो, तो तुमचा खर्च वाढवत असतो हे खरं, पण त्या दिवशीचे टेबलावरचे तास कमी करत असतो. ही शस्त्रक्रिया आजारापोटी होत नाही, ती निवडलेली असते. त्यामुळे ती पुढे ढकलण्याची मुभाही असते. पाचपैकी एकाही प्रश्नाचं उत्तर टाळलं गेलं, तर तारीख न घेता दुसऱ्या सर्जनचं मत घ्या.