रंकाळ्याचे पाणी आणि पाणपक्षी

कोल्हापूरच्या महालक्ष्मी मंदिराच्या पश्चिमेस असलेला रंकाळा तलाव संध्याकाळच्या फेरफटक्यासाठी सर्वपरिचित आहे. पक्षी पाहावयाचे असल्यास मात्र तेथे पहाटेच जावे. हिवाळ्यात उघड्या पाण्यावर वारकरी पोहताना दिसतात. काळे अंग आणि कपाळी पांढरा टिळा, यावरूनच त्यांना हे नाव पडले असावे. चाहूल लागताच टिबुकली बुडी मारते व भलतीकडेच वर येते.

नाल्यांवाटे आलेल्या सांडपाण्यातील नत्र व स्फुरद यांवर येथे जलपर्णी पोसली गेली. तिने पाणी झाकले की प्रकाश खाली पोचत नाही. ती कुजली की प्राणवायू घटतो आणि मासे मरतात. राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजनेत रंकाळ्याचा समावेश झाला, तो या दूषित पाण्यामुळेच. सांडपाणी अडविल्याशिवाय नुसती जलपर्णी काढली, तर ती पुन्हा फोफावते. गावतळ्यांचेही हेच आहे. सफाईच्या उत्साहात काठचे पाणकणीसही उपटले जाते, ही मोठीच चूक होय; पाणकोंबडी त्याच्याच आडोशाने घरटे बांधते. बांधीव दगडी काठ माणसांच्या सोयीचा, पक्ष्यांच्या नव्हे.

विद्यार्थ्यांना घेऊन जाणाऱ्या शिक्षकांजवळ दुर्बीण नसली तरी चालेल. गट लहान असावा, गलका नसावा आणि पाण्यात पावाचे तुकडे टाकू देऊ नयेत.