महिमापूरहून बहादूरशहा जफर मार्गावर

समाज आणि सत्ता यांचा अभ्यास करण्यात आयुष्य घालवलेला प्राध्यापक विद्यापीठांचा कारभार हाती घेतो, तेव्हा त्याच्या अभ्यासाचे पुढे काय होते? खुर्चीवर बसल्यावर तो अभ्यास बाजूला पडतो, की कारभारात उतरतो? वऱ्हाडातल्या वाचकाला या प्रश्नाचे उत्तर शोधायला फार लांब जावे लागत नाही. अमरावती जिल्ह्यातील महिमापूर या गावी १९४९ साली जन्मलेले डॉ. सुखदेव थोरात फेब्रुवारी २००६ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले आणि पाच वर्षे त्या पदावर राहिले. आयोगाचे कार्यालय दिल्लीत बहादूरशहा जफर मार्गावर आहे. गावापासून तिथपर्यंतची त्यांची वाटचाल सांगण्यासारखी आहेच, पण त्या खुर्चीवर त्यांनी काय केले, हे समजून घेणे अधिक गरजेचे आहे.

खुर्ची कोणाची, अधिकार कसले

कुलगुरू एका विद्यापीठाचा असतो. आयोगाचा अध्यक्ष देशातल्या सगळ्या विद्यापीठांच्या वाटेवर उभा असतो. १९५६ च्या कायद्याने आयोगाला दोन कामे दिली: अनुदान वाटणे आणि दर्जा राखणे. आपल्याकडच्या कुठल्याही प्राचार्यांना विचारा, ‘टू-एफ’ आणि ‘ट्वेल्व्ह-बी’ हे शब्द त्यांच्या तोंडी असतात. कायद्यातली ही दोन कलमे लागू झाली की महाविद्यालय आयोगाच्या अनुदानास पात्र ठरते. प्राध्यापकाची पात्रता, पीएचडीचे नियम, वसतिगृहाचे अनुदान, ग्रंथालयाची पुस्तके अशा पुष्कळ गोष्टींचा धागा तिथपर्यंत जातो.

या खुर्चीवर याआधीही समाजशास्त्रांची जाण असलेली मोठी माणसे बसली. संयुक्त महाराष्ट्राच्या प्रश्नावर केंद्रीय अर्थमंत्रिपद सोडणारे चिंतामणराव देशमुख १९५६ ते १९६१ या काळात अध्यक्ष होते आणि पुढे ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९९१ मध्ये जी. राम रेड्डी अध्यक्ष झाले. ते मूळचे राज्यशास्त्रज्ञ. पंचायत राज हा त्यांच्या अभ्यासाचा विषय. उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरुपद सांभाळून त्यांनी १९८२ मध्ये आंध्र प्रदेशात देशातले पहिले मुक्त विद्यापीठ उभे केले आणि १९८५ मध्ये इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठाचे ते पहिले कुलगुरू झाले. गावपातळीवर सत्ता कशी पोचते, याचा विचार करणाऱ्या माणसाने शिक्षण गावापर्यंत नेणारी व्यवस्था उभारली. याच विचाराने १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आले आणि नोकरी-शेती सांभाळून पदवी घेण्याची सोय वऱ्हाडातही झाली.

मात्र नुसत्या विद्वत्तेने न्याय होतोच असे नाही. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झालेले वुड्रो विल्सन हे मूळचे राज्यशास्त्राचे प्राध्यापक. १९०२ ते १९१० या काळात ते प्रिन्स्टन विद्यापीठाचे अध्यक्ष होते. श्रीमंत मुलांच्या भोजन-क्लबांची मक्तेदारी मोडण्याचा त्यांनी प्रयत्न केला, पण त्याच विल्सन यांनी कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रिन्स्टनच्या दाराबाहेरच ठेवले. म्हणून अभ्यासकाची पदवी पाहून थांबू नये. त्याने कोणता प्रश्न हाती धरला होता आणि खुर्चीवर बसल्यावर तो सोडला का, हे पाहावे.

मिलिंदची वाट

थोरातांनी हाती धरलेला प्रश्न त्यांच्या शिक्षणाच्या वाटेतच होता. पदवीसाठी ते तेव्हाच्या औरंगाबादेतील मिलिंद महाविद्यालयात गेले. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली आणि १९५० मध्ये औरंगाबादेत हे महाविद्यालय सुरू केले. नागसेनवनाच्या वसतिगृहांत राहून मराठवाड्यातली आणि वऱ्हाडातली मुले शिकली. ज्यांच्या घरात त्याआधी कोणी शाळेची पायरी चढले नव्हते, त्यातले कितीतरी तिथून प्राध्यापक, अधिकारी, लेखक होऊन बाहेर पडले.

वसतिगृहाचे मोल वऱ्हाडाला आधीपासून ठाऊक होते. ऑक्सफर्डहून डॉक्टरेट घेऊन आलेल्या पंजाबराव देशमुखांनी अमरावतीत सर्व जातींच्या मुलांसाठी श्रद्धानंद छात्रालय काढले आणि १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी केली. खेड्यातल्या पोराला शहरात राहायला जागा आणि दोन वेळचे जेवण मिळाले नाही, तर महाविद्यालयाचे दार उघडे असूनही त्याच्यासाठी ते बंदच असते. आंबेडकर आणि पंजाबराव या दोघांनीही हे ओळखले होते.

थोरातांनी औरंगाबादेतच अर्थशास्त्रात एमए केले, तिथल्या महाविद्यालयात शिकवले आणि १९८० पासून ते दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठात अध्यापन करू लागले. सुरुवातीचे त्यांचे बरेच काम शेती आणि गरिबीवरचे आहे. शेंगन फॅन आणि पीटर हेझेल यांच्यासोबत १९९९ मध्ये त्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. सरकारचा पैसा कशावर खर्च झाला तर खेड्यातली गरिबी जास्त हटते, हा त्यातला प्रश्न होता. उत्तर आले: रस्ते सर्वांत वर, त्याखालोखाल शेती-संशोधन, मग शिक्षण. अकोल्यात कृषी विद्यापीठ असलेल्या आणि पावसाळ्यात अजूनही गावे तुटणाऱ्या आपल्या भागाने तो निष्कर्ष मनावर घ्यायला हवा होता.

एक जाहिरात, तीन अर्ज

पुढे त्यांचा मुख्य विषय झाला भेदभाव, आणि तोही मोजून दाखवण्याचा. २००३ मध्ये दिल्लीत भारतीय दलित अध्ययन संस्था स्थापन करण्यात त्यांचा पुढाकार होता. राज्यशास्त्रज्ञ घनश्याम शहा आणि इतर सहकाऱ्यांसोबत त्यांनी ११ राज्यांतल्या ५६५ गावांच्या पाहणीवर आधारित पुस्तक २००६ मध्ये काढले. अस्पृश्यता कायद्याने गेली असली तरी त्यातल्या जवळपास निम्म्या गावांत पाण्याच्या जागी ती शिल्लक असल्याचे त्या पाहणीत दिसले.

त्यांचा सर्वांत गाजलेला अभ्यास नोकऱ्यांचा आहे. त्याची पद्धत नीट पाहिली पाहिजे. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ पॉल ॲटवेल यांच्यासोबत त्यांनी ऑक्टोबर २००५ पासून ६६ आठवडे इंग्रजी वर्तमानपत्रांतल्या खासगी नोकऱ्यांच्या जाहिराती निवडल्या. एकेका जाहिरातीला एकाच तोलाचे अर्ज गेले. शिक्षण तेच, अनुभव तोच. फरक फक्त नावात. एका अर्जावर उच्चवर्णीय हिंदू वाटेल असे नाव, दुसऱ्यावर दलित आडनाव, तिसऱ्यावर मुस्लिम नाव. फोटो नाही, जातीचा रकाना नाही. अर्ज वाचणाऱ्यापुढे निवड करायला नावाखेरीज वेगळे काहीच नव्हते. ५४८ जाहिरातींना असे ४,८०८ अर्ज गेले. मुलाखतीचे बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावाला सुमारे दोन-तृतीयांश आणि मुस्लिम नावाला सुमारे एक-तृतीयांश निघाली.

‘पात्रता असली की नोकरी मिळतेच’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पात्रता तंतोतंत सारखी ठेवून या अभ्यासाने ते वाक्य तपासले आणि ते खोटे ठरले. हे काम सुरू असतानाच थोरात आयोगाचे अध्यक्ष झाले आणि ऑक्टोबर २००७ मध्ये, अध्यक्षपदावर असतानाच, ते प्रसिद्ध झाले.

सरासरीच्या आत

आयोगात त्यांनी मोजण्याची हीच सवय नेली. उच्च शिक्षणाचा प्रसार ‘सकल नोंदणी गुणोत्तरा’ने मोजतात. १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येशी महाविद्यालयात दाखल झालेल्यांचे ते प्रमाण. देशाची सरासरी सांगून अहवाल संपवण्याची रीत होती. थोरात तीच सरासरी फोडून मांडत राहिले: खेड्यातली मुले किती, मुली किती, दलित-आदिवासी किती, मुस्लिम किती, गरीब घरातली किती. सरासरी वाढत असताना तिच्या आत कोण मागे राहते, हे तेव्हाच कळते.

अकराव्या पंचवार्षिक योजनेत, म्हणजे २००७ ते २०१२ या काळात, उच्च शिक्षणाची तरतूद अनेक पटींनी वाढली. नोंदणीचे प्रमाण राष्ट्रीय सरासरीपेक्षा कमी असलेले ३७४ जिल्हे निवडून तिथे आदर्श महाविद्यालये काढण्याची योजना आली. आपला बुलडाणा जिल्हा त्या यादीत होता. विद्यापीठांमध्ये सामाजिक वंचिततेच्या अभ्यासाची केंद्रे निघाली. प्राध्यापकांच्या पदांमधील आरक्षण काटेकोरपणे पाळण्याच्या मार्गदर्शक सूचना २००६ मध्ये निघाल्या आणि रॅगिंगविरोधी नियम २००९ मध्ये लागू झाले.

याच काळात केंद्र सरकारने दिल्लीच्या ‘एम्स’मधील जातिभेदाच्या तक्रारींची चौकशी त्यांच्या समितीकडे सोपवली. २००७ च्या अहवालात समितीने दाखवले की त्रासाला कंटाळून राखीव जागांवरचे विद्यार्थी वसतिगृहांच्या ठराविक मजल्यांवर एकत्र राहायला जात होते. देशातल्या सर्वांत हुशार मुलांच्या वसतिगृहात गावकुसाबाहेर असते तशी वेगळी वस्ती तयार झाली होती. संस्थेने निष्कर्ष नाकारले, पण प्रश्न एकदा कागदावर आल्यावर तो पुसता आला नाही.

जिथे गणित चुकले

त्यांच्या कारकिर्दीतले सगळेच निर्णय उपकारक ठरले नाहीत. २०१० च्या नियमावलीने प्राध्यापकांच्या निवडीला आणि बढतीला ‘एपीआय’चे, म्हणजे शैक्षणिक कामगिरी मोजणाऱ्या निर्देशांकाचे, गुण जोडले. हेतू वशिल्याला आळा घालण्याचा होता. प्रत्यक्षात गुणांसाठी परिसंवाद भरले, पैसे घेऊन लेख छापणारी नियतकालिके बोकाळली आणि वर्गातल्या शिकवण्यापेक्षा फाइलीतल्या प्रमाणपत्रांना भाव आला. २०१८ मध्ये ही पद्धत बदलावी लागली. मोजण्यावर विश्वास असलेल्या अध्यक्षाच्या काळात हे घडले, म्हणून त्याचा धडा अधिक महत्त्वाचा आहे. अन्याय मोजता येतो. चांगले शिकवणे मात्र गुणांच्या तक्त्यात मावत नाही.

दुसरा वाद थेट राज्यशास्त्राचा होता. २०१२ मध्ये अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या जुन्या व्यंगचित्रावरून संसदेत गदारोळ झाला. त्यात आंबेडकर गोगलगायीवर बसलेले दाखवले होते. पुस्तकाचे मुख्य सल्लागार सुहास पळशीकर आणि योगेंद्र यादव यांनी राजीनामा दिला. पाठ्यपुस्तके तपासण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष थोरात होते. समितीने काही व्यंगचित्रे काढण्याची शिफारस केली, तर सदस्य एम. एस. एस. पांडियन यांनी वेगळे मत नोंदवले. माझ्या मते पांडियन बरोबर होते. वर्गात प्रश्न विचारायला लावणारे चित्र झाकण्यापेक्षा ते कसे वाचावे, हे शिकवणे केव्हाही चांगले. पण वर्गात बसलेल्या दलित मुलाला ते चित्र कसे दिसेल, हा थोरातांच्या समितीपुढचा प्रश्नही खरा होता आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता.

अनुदान आयोगानंतर भारतीय सामाजिक विज्ञान संशोधन परिषदेचे अध्यक्षपद आणि २०२३ पासून कर्नाटकच्या राज्य शिक्षण धोरण आयोगाचे अध्यक्षपद त्यांनी सांभाळले. २००८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली होती. खुर्च्या बदलल्या, पण दारातून आत कोण येते आणि आत आल्यावर त्याला कसे वागवले जाते, हा प्रश्न त्यांनी सोडला नाही. विल्सन आणि थोरात यांच्यातला फरक हाच.

आता वऱ्हाडाचे काम

१ मे १९८३ रोजी स्थापन झालेल्या आपल्या अमरावती विद्यापीठाला आज संत गाडगेबाबांचे नाव आहे. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा, वाशीम या पाच जिल्ह्यांतली मुले तिथे येतात. गाडगेबाबांनी लोकांना आयुष्यभर सांगितले की ताट मोडा, पण मुलांना शिकवा. या विद्यापीठाने आणि त्याच्या महाविद्यालयांनी थोरातांची पद्धत आपल्या घरी लागू करावी. बीएच्या पहिल्या वर्षाला किती मुले-मुली आल्या, कोणत्या गावच्या, कोणत्या समाजाच्या, आणि त्यातल्या किती शेवटच्या वर्षापर्यंत टिकल्या, हे दरवर्षी जाहीर व्हावे. प्रवेश अर्ज आणि शिष्यवृत्तीच्या नोंदींमुळे ही माहिती प्रत्येक कार्यालयात आजही पडून आहे. राज्यशास्त्र आणि समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी प्रकल्प म्हणून ती मांडावी आणि गळती कुठे, का होते ते गावागावांत जाऊन विचारावे. एसटीची वेळ बदलली म्हणून शिक्षण सोडणारी मुलगी आणि वसतिगृहात जागा नाही म्हणून परतणारा मुलगा यांची नोंद झाल्याशिवाय त्यांच्यासाठी कोणी काही करणार नाही. प्राचार्यांनी आणि प्राध्यापकांनी येत्या शैक्षणिक वर्षापासूनच ही मोजणी हाती घ्यावी, अशी कळकळीची विनंती आहे.