दीर्घकालीन मूत्रपिंडविकार : शरीरातील स्नायूंचे प्रमाण आणि शारीरिक हालचाल

प्रस्तावना

दीर्घकालीन मूत्रपिंडविकाराचे निदान झालेल्या रुग्णाला कुटुंबीयांकडून मिळणारा पहिला सल्ला बहुधा विश्रांतीचा असतो. मीठ किती, पाणी किती, डाळ किती याचा घरात काटेकोर विचार होतो. मात्र रुग्णाने दिवसभरात किती चालावे, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. मूत्रपिंडाच्या रचनेतील किंवा कार्यातील बिघाड तीन महिन्यांहून अधिक काळ टिकून राहिल्यास त्यास दीर्घकालीन विकार असे संबोधले जाते. मधुमेह आणि उच्च रक्तदाब ही त्याची प्रमुख कारणे होत. या विकारात मूत्रपिंडाबरोबर स्नायूंचीही झीज होत असते आणि ही दुसरी झीज वजनाच्या आकड्यात पुष्कळदा दिसतच नाही. ती का होते, का लपून राहते आणि शारीरिक हालचालीने कितपत रोखता येते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात आले आहे.

वजनाच्या आकड्याची मर्यादा

शरीराचे वजन म्हणजे मेद, स्नायू, हाडे, अवयव आणि पाणी यांची बेरीज. किलोग्रॅममधील वजनास मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले असता जो आकडा येतो, त्यास आज बॉडी मास इंडेक्स म्हणतात. हे गुणोत्तर बेल्जियमचे संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले; त्याला हे नाव अमेरिकी शरीरशास्त्रज्ञ अन्सेल कीज यांनी १९७२ मध्ये दिले. केतले यांना लोकसमूहाची सरासरी हवी होती, एखाद्या रुग्णाचे निदान करावयाचे नव्हते.

या आकड्याची मर्यादा दाखविणारे एक उदाहरण पुण्याशी निगडित आहे. २००४ मध्ये 'द लॅन्सेट' या नियतकालिकात पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडमधील डॉ. जॉन युडकिन या दोन संशोधकांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स २२.३ होता, परंतु युडकिन यांच्या शरीरात मेदाचे प्रमाण ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के आढळले. हे दोघे मूत्रपिंडाचे रुग्ण नव्हेत. तथापि सडपातळ दिसणाऱ्या भारतीय देहात स्नायू कमी व मेद अधिक असू शकतो, ही बाब येथील मूत्रपिंडरुग्णांच्या बाबतीत विशेष महत्त्वाची ठरते, कारण अशा रुग्णाकडे झिजण्यासाठी स्नायूंचा साठाच मुळात थोडा असतो.

मूत्रपिंडरुग्णात पाण्यामुळे गुंतागुंत आणखी वाढते. दोन किलो स्नायू गेले आणि दोन किलो पाणी साठले, तर काटा जागचा हलत नाही. डायलिसिसवरील रुग्णासाठी 'कोरडे वजन' निश्चित केलेले असते, म्हणजे जादा पाणी काढून टाकल्यानंतर राहावयाचे वजन. रुग्णाचे स्नायू हळूहळू घटत गेले आणि हे लक्ष्य मात्र जुनेच राहिले, तर रिकाम्या झालेल्या जागी पाणी साठते, रक्तदाब चढतो व हृदयावर ताण येतो. वजन 'बरोबर' असल्याचे समाधान येथे घातक ठरू शकते.

क्रिएटिनिनची फसवी घट

क्रिएटिनिन हा स्नायूंतील क्रिएटिनपासून सतत तयार होणारा पदार्थ असून तो मूत्रावाटे बाहेर पडतो. रक्तातील त्याच्या प्रमाणावरून मूत्रपिंडाच्या गाळणक्षमतेचा अंदाज केला जातो. मात्र स्नायूच घटले तर क्रिएटिनिनची निर्मितीही घटते आणि मूत्रपिंड सुधारले नसतानाही अहवाल सुधारल्यासारखा दिसतो. रुग्ण अशक्त होत आहे आणि कुटुंब अहवाल पाहून आनंदित आहे, असा विपर्यास त्यातून घडतो. अशा प्रसंगी स्नायूंवर फारसे अवलंबून नसलेल्या सिस्टॅटिन-सी या प्रथिनाची तपासणी अधिक विश्वासार्ह ठरते. तिचा खर्च मात्र अधिक येतो.

स्नायूंचे प्रमाण थेट मोजण्यासाठी डेक्सा हे क्ष-किरण तंत्र आणि शरीरातून सौम्य विद्युतप्रवाह सोडून केले जाणारे मापन उपलब्ध आहे. डेक्सा साठलेले पाणीही मेदरहित भागातच मोजते, ही तिची उणीव होय. सामान्य दवाखान्याच्या दृष्टीने हाताच्या पकडीची ताकद हे साधे माप उपयुक्त आहे. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ किलोहून कमी व स्त्रियांसाठी १८ किलोहून कमी पकड ही दुर्बलतेची खूण मानली आहे. खुर्चीवरून हातांचा आधार न घेता पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद वा अधिक वेळ लागणे, हीदेखील तशीच खूण. तिला तर कोणतेच उपकरण लागत नाही.

झीज का होते?

मूत्रपिंड आम्ल पुरेसे बाहेर टाकू शकत नाही. रक्तातील वाढलेल्या आम्लतेमुळे स्नायूंतील प्रथिनांचे विघटन वेगाने होते. सततचा सौम्य दाह आणि इन्सुलिनला मिळणारा अपुरा प्रतिसाद त्यात भर घालतात. भूक मंदावते. डायलिसिसच्या प्रत्येक सत्रात सुमारे ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्ले वाहून जातात. या अवस्थेस मूत्रपिंडविषयक आहार व चयापचय यांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये 'प्रथिन-ऊर्जा क्षय' अशी संज्ञा दिली. केवळ उपासमारीने ही अवस्था येत नाही, म्हणून केवळ अधिक खाऊ घालून ती दूर होत नाही.

डायलिसिसवरील स्थूल रुग्ण सडपातळ रुग्णांपेक्षा अधिक काळ जगतात, असे अनेक पाहण्यांत आढळले आहे. यावरून मेद हितकारक असल्याचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल. अमेरिकेतील श्रीनिवासन बेद्धू व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये दाखवून दिले, की वजन अधिक आणि स्नायूही अधिक असलेल्या रुग्णांचे आयुर्मान चांगले होते. वजन अधिक पण स्नायू कमी असलेल्यांना तो लाभ तितका मिळाला नाही.

हालचालीचा परिणाम

कर्स्टन जोहान्सन व सहकाऱ्यांनी २००० मध्ये अंगावर बांधलेल्या यंत्राने हालचाल मोजली, तेव्हा डायलिसिसवरील रुग्ण हे बैठे जीवन जगणाऱ्या निरोगी व्यक्तींपेक्षाही कमी हालचाल करतात, असे दिसून आले. थकव्यामुळे रुग्ण बसून राहतो, बसून राहिल्याने स्नायू घटतात आणि स्नायू घटल्याने थकवा वाढतो.

हे चक्र तोडता येते, याचा उत्तम पुरावा बोस्टन येथील कार्मेन कास्तानेदा व सहकाऱ्यांच्या २००१ मधील प्रयोगात मिळतो. डायलिसिस सुरू न झालेल्या २६ रुग्णांना प्रतिकिलो वजनामागे सुमारे ०.६ ग्रॅम इतकाच प्रथिनयुक्त आहार दिला होता. त्यांपैकी काहींनी १२ आठवडे वजन उचलण्याचे व्यायाम केले. त्यांची ताकद सरासरी ३२ टक्क्यांनी वाढली. केवळ पथ्य पाळणाऱ्यांची १३ टक्क्यांनी घटली. पथ्य दोन्ही गटांचे सारखेच होते, हे येथे ध्यानात घ्यावे. प्रथिने कमी करण्याचा सल्ला देताना व्यायामाचा सल्ला न देणे म्हणजे रुग्णाला अर्धाच उपचार देणे होय.

इटलीमध्ये डायलिसिसवरील २९६ रुग्णांवर झालेला 'एक्साइट' हा प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. घरच्या घरी ठरावीक गतीने चालण्याच्या कार्यक्रमानंतर, सहा मिनिटांत रुग्ण चालू शकत असलेले अंतर सहा महिन्यांत ३२८ मीटरवरून ३६७ मीटरवर गेले. इतर रुग्णांत ते जवळजवळ तेवढेच राहिले. व्यायामाने निकामी मूत्रपिंड पूर्ववत होत नाही, आणि तशी आशाही दाखवू नये.

काही व्यावहारिक बाबी

२०२४ च्या केडिगो या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल, अथवा प्रकृतीस झेपेल तेवढी, सुचविली आहे. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, वाढलेले पोटॅशियम किंवा मधुमेहामुळे पायास झालेली जखम असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला आवश्यक आहे. खाटेवर पडून चालविण्याची सायकल डायलिसिसच्या पहिल्या दोन तासांत वापरतात, कारण पुढे पाणी काढले गेल्याने रक्तदाब उतरण्याची शक्यता असते. भारतात २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमामुळे जिल्हा रुग्णालयांत ही सेवा पोहोचली. अशा केंद्रांत यंत्रावर व्यतीत होणारे सुमारे चार तास व्यायामासाठी अंशतः वापरता येण्याजोगे आहेत.

फिस्चुला, म्हणजे डायलिसिससाठी रोहिणी व नीला जोडलेला हात, याविषयीची भीती सर्वांत अधिक आढळते. त्या हातावर रक्तदाब मोजू नये, तेथून नेहमीच्या तपासणीचे रक्त घेऊ नये, जड पिशवी अडकवू नये, घट्ट बांगडी वा घड्याळ घालू नये, हे खरेच. मात्र अनेक रुग्ण तो हात वापरणेच सोडून देतात. शस्त्रक्रियेची जखम भरल्यावर त्याच हाताने मऊ रबरी चेंडू दाबत राहण्यास डॉक्टर सांगतात, ते शीर रुंद व्हावी म्हणून.