कार्डाची कड आणि प्रतीचा आकडा

खेळाडूंची चित्रे छापलेल्या संग्राह्य कार्डांना त्यांच्या भौतिक स्थितीनुसार १ ते १० असा अंक देण्याच्या व्यवसायास ‘ग्रेडिंग’, म्हणजेच प्रतवारी, असे म्हणतात. नाण्यांच्या व्यापारात अशी पद्धत आधीच रुळली होती. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये मांडलेली १ ते ७० ही श्रेणी तिच्या मुळाशी होती, आणि नाण्यांचेच जाणकार असलेल्या डेव्हिड हॉल यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये कॅलिफोर्नियात पीएसए ही संस्था उभी राहिल्यावर अंक देण्याची पद्धत कार्डांनाही लागू झाली.

कार्ड आले की त्याची नोंद होते, ते अस्सल आहे की नाही हे पाहिले जाते, आणि मग ते परीक्षकाच्या भिंगाखाली येते. परीक्षक चार गोष्टी पाहतो. चित्राभोवतीचा कोरा काठ डावी-उजवीकडे आणि वर-खाली किती सम आहे, याला ‘सेंटरिंग’ म्हणतात. पीएसएच्या सर्वोच्च प्रतीसाठी समोरच्या बाजूस हे प्रमाण साधारण ५५:४५ च्या आत असावे लागते. कोपरे आणि पृष्ठभाग यांचे दोष कार्ड दिव्याखाली तिरपे धरताच बरेचसे उघडे पडतात. खरा कस लागतो तो कडांवर, कारण हाताळणीने बोथट झालेला कोपरा पुन्हा टोकदार करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे कड पात्याने किंचित कातरणे. अशा कातरणीला ‘ट्रिमिंग’ म्हणतात. कातरलेल्या कार्डाचे माप भरत नाही हे खरे. परंतु जुन्या काळी कारखान्यातच कार्डे लहानमोठी कापली जात असल्याने केवळ मोजपट्टीवर विसंबता येत नाही, आणि कडेचे तंतू कारखान्यातील जुन्या कापाचे आहेत की ताज्या पात्याचे, हे शेवटी माणसाच्या नजरेलाच ठरवावे लागते. ठरलेला अंक कार्डासह पारदर्शक प्लास्टिकच्या डबीत, म्हणजे ‘स्लॅब’मध्ये, कायमचा बंद केला जातो, आणि त्या क्षणापासून माणसाचे मत बाजारात वस्तुस्थिती म्हणून वावरू लागते.

या नजरेची मर्यादा पीएसएच्या अगदी पहिल्याच कार्डाने दाखवून दिली. सिगारेटच्या पाकिटांतून १९०९ ते १९११ या काळात वाटल्या गेलेल्या टी-२०६ या मालिकेतील होनस वॅग्नर या बेसबॉलपटूचे ते दुर्मीळ कार्ड. वेन ग्रेट्झ्की आणि ब्रूस मॅकनॉल यांनी ते १९९१ मध्ये ४,५१,००० डॉलरला घेतले होते. त्याला ८ ही प्रत मिळाली. इतक्या जुन्या, तंबाखूसोबत पाकिटात राहिलेल्या कागदाला ८ मिळणे हेच वास्तविक संशयास्पद होते, तरी त्या ८ च्या बळावर २००७ मध्ये त्याची किंमत २८ लाख डॉलरवर गेली. पुढे २०१३ मध्ये, लिलावांतील फसवणुकीच्या खटल्यात, कार्डाचे पूर्वीचे मालक बिल मास्ट्रो यांनी त्याच्या बाजूच्या कडा आपणच कापल्याचे मान्य केले. कातरलेल्या कार्डाला अंक द्यायचा नाही, असा पीएसएचा स्वतःचाच नियम असताना हे घडले होते.

यात परीक्षकाच्या सचोटीवर शंका घेण्याचे कारण नाही. व्यवस्थेची रचना मात्र निर्दोष म्हणता येत नाही. पीएसएचे शुल्क कार्डाच्या किमतीनुसार ठरते, आणि मिळालेल्या प्रतीमुळे ती किंमत वाढली तर वाढीव शुल्कही आकारले जाते. म्हणजे उदार अंकात निकाल देणाऱ्याचाही लाभ असतो. शिवाय ९ आणि १० यांच्यातील फरक नुसत्या डोळ्यांना क्वचितच जाणवत असला, तरी किमतीत तो अनेक पटींचा होऊ शकतो.

दुर्मीळतेपुढे मात्र हा सारा हिशेब लंगडा पडतो. वॅग्नरच्याच, दुसऱ्या एका संस्थेने केवळ २ अशी प्रत दिलेल्या वेगळ्या कार्डाला ऑगस्ट २०२२ मध्ये ७२.५ लाख डॉलर मिळाले.